टक्क्याच्या जागी ळ

पुस्तिका आली तेव्हा मी चष्मा शोधत होते, म्हणून ती आधी पेंटरने वाचली. पेंटर म्हणजे माझा नवरा. पस्तीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे सगळे त्याला पेंटर म्हणतात. लग्नानंतर मी त्याला अहो म्हणायचं ठरलं होतं. ते चार महिने टिकलं आणि मग मीही पेंटरच म्हणायला लागले.

पान सातवरची तळटीप त्याने मोठ्याने वाचली. "मूळ टंकलेखिकेस ळ हे अक्षर अवगत नसावे. त्यामुळे मजकुरात ४,३१२ ठिकाणी दोष आढळले. ते सर्व दुरुस्त केले आहेत." वाचून तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला आणि निमूटपणे स्वयंपाकघरातून माझा चष्मा घेऊन आला.

ती मूळ टंकलेखिका मी. आमच्या वाचनालयात मी एकोणतीस वर्षं काढली, आधी टाइपरायटरवर आणि मग कॉम्प्युटरवर. त्या एकोणतीस वर्षांत तिथे दुसरी टंकलेखिका कधी नव्हती, त्यामुळे हे कोणाबद्दल लिहिलंय असा प्रश्न एकाही माणसाला पडणार नव्हता. वाचनालयाच्या पहिल्या संकेतस्थळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ही पुस्तिका निघत होती. संकेतस्थळ मी बनवलं होतं. पहिल्या पानावर मात्र छापलं होतं, संकल्पना, रचना आणि निर्मिती: माजी संचालक. माझ्या वाट्याला ती तळटीप आली होती, तीही नावाशिवाय.

मग मी आतला मजकूर वाचायला घेतला. त्या संकेतस्थळावर माझं 'विचारा' नावाचं सदर होतं. वाचनालयाच्या दाराशी एक पेटी ठेवलेली असायची, लोक तिच्यात चिठ्ठी टाकून काहीही विचारायचे. मी पुस्तकं धुंडाळायची, जाणकारांना गाठायची आणि प्रश्न-उत्तर टाइप करून पानावर चढवायची. सहाशेच्या वर प्रश्न झाले होते. आता पुस्तिकेत छापलं होतं, 'नलाला गाल येतो, काय करावे?' त्याखाली मी दिलेलं उत्तर, 'आधी गाल साफ करून घ्या.' एका बाईने जावेशी पटत नाही म्हणून लिहिलं होतं, तिला मी म्हणे सल्ला दिला होता की भांडणाचं मूल शोधा. तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मी ग्रंथपालबाईंना फोन लावला. त्या दोन वर्षांपूर्वी आल्यात, चांगल्या आहेत, माझ्याशी आदरानेच बोलतात. त्या म्हणाल्या की ही कच्ची प्रत आहे, जुन्या कर्मचाऱ्यांना अभिप्रायासाठी पाठवलीय, शनिवारी छपाईला जाईल. मी जुन्या फायलींचं विचारलं. त्या शुक्रवारी पुसल्या जाणार होत्या. नवीन सर्व्हरवर वाचता न येणाऱ्या फायली ठेवायच्या नाहीत असा नियम होता, आणि माझी पानं आजच्या ब्राउझरमध्ये उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि तिरप्या रेघा दिसतात. तो कचरा एका प्रोग्रॅममधून काढून आपल्या लिपीत आणला, तेव्हा कुठे कळलं म्हणे की त्यात ळ नाही.

म्हणजे शुक्रवारी माझी पानं जाणार आणि शनिवारी ती तळटीप छापली जाणार. त्यानंतर मी कितीही घसा फोडला तरी दाखवायला हातात काही उरणार नव्हतं. मी बाईंना म्हटलं, वाचक म्हणून माझा अर्ज समजा आणि त्या फायलींची प्रत द्या. त्यांनी त्याच दुपारी पेनड्राइव्हवर दिली. तो सोमवार होता.

ळ चं काय झालं होतं ते आता सांगते. तेव्हा आपल्या लिपीची अक्षरं कॉम्प्युटरवर सहज मिळत नसत. मला मिळालेला फॉन्ट फुकटचा होता आणि दुसऱ्याच भाषेसाठी बनवलेला होता. तिकडे ळ नसला तरी कोणाचं अडत नाही, म्हणून बनवणाऱ्याने तो घातलाच नव्हता. माझं मात्र पहिल्याच ओळीला अडलं, कारण 'संकेतस्थळ' हाच शब्द लिहायचा होता. मी साहेबांकडे, म्हणजे तेव्हाच्या संचालकांकडे गेले. ते कुठल्याशा बैठकीला निघाले होते. जिन्यातूनच म्हणाले, "ल घाला हो बाई, कुणाच्या लक्षात येणार आहे?"

माझ्या लक्षात येणार होतं. मी ल घातला नाही.

तो फॉन्ट ठिपक्यांचा होता, प्रत्येक अक्षर म्हणजे सोळा बाय सोळा चौकटींचं जाळं आणि त्यात काळे ठिपके. अक्षर दुरुस्त करायचा एक छोटा प्रोग्रॅम मिळाला. सात दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला ठेवून मी ळ काढत बसले, आणि तो रोज बेडकासारखा दिसायचा. शेवटी पेंटरला सांगितलं. तो चौकटींची वही घेऊन बसला आणि त्याने पाट्यांवर काढायचा तो ळ तिच्यात उतरवला. त्याच्या ळ चं डावं पोट मोठं, उजवं जरा वर उचललेलं. मी तो चौकट चौकट मोजून फॉन्टमध्ये घातला. कळफलकावर त्याला जागा हवी होती. वाचनालयाच्या पानावर टक्का लागतोय कशाला, म्हणून मी टक्क्याचं चिन्ह काढून तिथे ळ बसवला. शिफ्ट दाबून पाच दाबला की पेंटरचा ळ उमटायचा. नवीन फॉन्ट पानावरच ठेवला होता आणि खाली ओळ लिहिली होती, 'अक्षरे नीट दिसत नसल्यास इथे टिचकी मारा.' जहाजावरच्या एका आचाऱ्याने कुठल्याशा बंदरातून तो उतरवून घेतला आणि ईमेल केलं की सहा महिन्यांनी आपला ळ बघितला.

पुस्तिकेचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमला यातलं काय माहीत असणार? त्याला टक्का दिसला, त्याने टक्का ठेवला. बाळगोपाळ झाले बा%गोपा%. आणि मग कोणीतरी शहाणपणा करून त्या सगळ्या टक्क्यांच्या जागी ल घातला.

हे तोंडी सांगून पटणारं नव्हतं, दाखवायलाच हवं होतं. नवीन कॉम्प्युटर माझ्या जुन्या सीडीवरचा ठिपक्यांचा फॉन्ट घेईना, फाईल खराब आहे म्हणाला. जुनं मशीन कधीच भंगारात गेलेलं. पण जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम मिळतात, कॉम्प्युटरच्या आत आणखी एक कॉम्प्युटर, ते मला ठाऊक होतं. मंगळवारी सकाळी चहा झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि पेंटरला सांगितलं की आज भाजी तू चिरायची.

तो दिवस त्या नकली मशीनच्या मिनतवाऱ्यांत गेला. आधी ते आवाजाचं कार्ड ओळखेना, मग रंग सोळाच दाखवू लागलं. माऊस एकदा त्या खिडकीत शिरला की बाहेर येईना; दोन बटणं एकत्र दाबून त्याला सोडवायचं हे कळेपर्यंत मी तीनदा लॅपटॉप बंद केला. दुपारी एकदाची ती जुनी सिस्टिम सुरू झाली आणि तिची सुरू होतानाची धून वाजली. पेंटर स्वयंपाकघरातून हातात सुरी घेऊनच बाहेर आला. पूर्वी तो कधी सकाळी मला सोडायला वाचनालयात यायचा, तेव्हा हीच धून ऐकून परत फिरायचा.

"कामावर गेलीस वाटतं," तो म्हणाला.

बुधवारी मी त्या काळातला ब्राउझर बसवला. त्याचा वेगही मुद्दाम कमी केला, तेव्हाच्या फोनच्या तारेइतका. पेंटर म्हणाला, लोक वेग वाढवायला धडपडतात आणि तू कमी कर. पण मला पान तसंच यायला हवं होतं, जसं तेव्हा यायचं. आधी करडी पाटी, मग निळ्या रेघेचे दुवे, मग वाचनालयाच्या इमारतीचं चित्र वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी. छप्पर आलं, पहिला मजला आला, दार यायला वेळ लागला. आम्ही दोघं खुर्च्या ओढून त्या दाराची वाट बघत बसलो. खाली माझी जुनी ओळ होती, 'हे पान ८०० बाय ६०० वर उत्तम दिसेल.' किती वर्षांत मी कशाची वाट बघण्यात इतकी रमले नव्हते.

त्या जुन्या सीडीतून फॉन्ट काढून बसवला आणि अक्षरं लागली. सगळी माझी वाक्यं, सरळ आणि शुद्ध. फक्त मधे मधे टक्के. 'न%ाला गा% येतो.' सीडीवर मूळचा फॉन्ट होता, माझा नव्हता, आणि पेनड्राइव्हवरही नुसती पानं आली होती, फॉन्टची फाईल नाही. एक क्षण असंही मनात आलं की आपण तो ळ खरंच केला होता का, की इतकी वर्षं नुसतं मनात धरून बसलो.

माझा फॉन्ट फ्लॉपीवर होता. माझ्या जुन्या सामानाच्या पेटीत सात फ्लॉप्या निघाल्या आणि त्यांतल्या एकीच्या चिठ्ठीवर पेंटरने ब्रशने मोठा ळ रंगवलेला होता. ती लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर घरघर करून गप्प बसली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. पेंटरने ती काढून तिची पत्र्याची पट्टी चार वेळा मागेपुढे सरकवली, मऊ ब्रशने धूळ झटकली आणि म्हणाला, आता घाल. सहाव्या वेळेला ती वाचली गेली. एकच फाईल होती आत.

ती बसवली, ब्राउझर बंद करून उघडला, आणि पान पट्ट्या-पट्ट्यांनी खाली येत असताना मथळ्यात 'संकेतस्थळ' आलं. डावं पोट मोठं, उजवं वर उचललेलं.

पेंटर खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ वाकला. त्याच्या पाट्यांपैकी आता एकही उरलेली नाही. छापील फलक आले आणि पाच वर्षांत सगळ्या उतरल्या. कोणी फळी म्हणून वापरल्या, कोणी जाळल्या. त्याने पडद्यावर बोट ठेवून एक एक ळ मोजायला सुरुवात केली आणि अकरावर पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता.

गुरुवारी सकाळी वाचनालयात पुस्तिकेची शेवटची बैठक होती. मी न बोलावता गेले. पेंटर बरोबर आला, म्हणाला मी लॅपटॉप उचलायला येतो. बैठक वाचन-कक्षातच एका कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलावर चालली होती. ग्रंथपालबाई, कंत्राटावरचा तंत्रज्ञ आणि साहेब. साहेब निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण समितीवर आहेत आणि अजून सगळे त्यांना साहेबच म्हणतात. मला बघून ते प्रेमाने म्हणाले की बाई, परिशिष्टात तुमचं नाव घालून टाकू, मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, नावाचं नंतर बघू, आधी हे भिंतीवरच्या पडद्याला जोडा.

तंत्रज्ञाने जोडून दिलं. ती जुनी धून वाजली तेव्हा पेपर वाचणाऱ्या लोकांनी माना वर केल्या. पान हळूहळू उतरायला लागलं. साहेब घड्याळ बघत म्हणाले, फारच संथ आहे. मी म्हटलं, तेव्हा इतकंच असायचं, तुम्हाला आठवत असेल ना. त्यांनी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही.

मी 'विचारा' उघडलं आणि ग्रंथपालबाईंना पहिला प्रश्न वाचायला सांगितला. त्यांनी वाचला, "नळाला गाळ येतो, काय करावे?" वाचून त्यांनी पुस्तिका उघडली, पान सात काढलं आणि त्यांचे कान लाल झाले. मी तंत्रज्ञाला म्हटलं की मूळ फायलींत टक्के किती आहेत ते शोध. त्याने शोधलं. चार हजार तीनशे बारा.

"हे तुमचे दोष," मी म्हटलं. "एकेक ळ आहे तो. माझ्या नवऱ्याने काढलाय आणि मी बसवलाय. तळटिपेत लिहिलंय मला ळ येत नाही. या खोलीत त्या वेळी ळ फक्त मला येत होता."

तंत्रज्ञ सरळ माणूस निघाला. तो म्हणाला, "मला शंका आली होती. शुद्ध लिहिणारी बाई एकाच अक्षराला कशी चुकेल? मी साहेबांना विचारलं टक्क्याचं काय करू. साहेब म्हणाले, ल घाल, कुणाच्या लक्षात येणार आहे?"

पंचवीस वर्षांत त्या वाक्यातला एक शब्द बदलला नव्हता. मी पेंटरकडे बघितलं. त्याने ते वाक्य माझ्याकडून इतक्या वेळा ऐकलं होतं की तो खाली मान घालून हसायला लागला.

साहेब मात्र साहेब. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हात तुमचे असतील, बाई, मी कुठे नाही म्हणतो? पण यामागे डोकं कुणाचं होतं?"

"त्याचं वेगळं पान आहे," मी म्हटलं आणि पहिल्या पानावरच्या 'संचालकांचे मनोगत' या दुव्यावर टिचकी मारली.

पान यायला वेळ लागला नाही, कारण त्यात फारसं काही नव्हतं. पिवळ्या पट्टीवर एक छोटं खोदकामाचं यंत्र, त्याची सोंड खाली जायची आणि रिकामीच वर यायची. शेजारी लुकलुकणारी अक्षरं, 'काम चालू आहे.' तेव्हा ज्या पानाचा मजकूर यायचा असे तिथे असं यंत्र लावायची पद्धत होती. मी साहेबांकडे मनोगत मागितलं ते संकेतस्थळ सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात. मग दर महिन्याला मागत गेले. सहा वर्षांनी संकेतस्थळ बंद झालं तोवर ते यंत्र खोदतच होतं. नव्या प्रोग्रॅमला त्या पानावर मजकूर सापडला नाही, म्हणून त्याने ते वगळलं होतं आणि कोणाला दिसलंच नव्हतं.

पेपर वाचणाऱ्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ उठून पडद्याजवळ आले, यंत्राकडे बघत राहिले आणि त्यांनी मनापासून विचारलं की काम कधी पूर्ण होणार आहे. त्यावर सगळा कक्ष हसला. हसू नये अशी पाटी तिथे लावलेली आहे, ती पेंटरचीच होती पूर्वी, आता छापील आहे.

ग्रंथपालबाईंनी छपाई थांबवली. मला म्हणाल्या की तो फॉन्ट द्या, आम्ही टक्क्याच्या जागी ळ घालून सगळं नीट करू. मी म्हटलं, देते, पण आधी माझं ऐका. फायली पुसायच्या नाहीत. पुस्तिकेत माझं आणि पेंटरचं नाव पहिल्या पानावर, परिशिष्टात नाही. आणि वाचन-कक्षात एक मशीन असं ठेवायचं की ज्याच्यात जुनी सिस्टिम, जुना ब्राउझर, माझा फॉन्ट आणि मूळ पानं जशीच्या तशी दिसतील. वेगसुद्धा तोच. बाई म्हणाल्या, लोक कंटाळतील. मी म्हटलं, कंटाळू देत, आम्ही कंटाळलो नव्हतो. त्यांनी पडद्यावरच्या ळ कडे बघितलं आणि हो म्हणाल्या.

मशीन दोन आठवड्यांत लागलं. त्याच्यावरची पाटी पेंटरने रंगवली, अकरा वर्षांनी रंगात ब्रश बुडवून. 'जुने संकेतस्थळ, मूळ प्रत.' त्याखाली लहान अक्षरांत त्याने स्वतःहून घातलं, 'हात लावा.' रेघ सरळ येईना म्हणून मथळा दोनदा पुसून काढला, पण ळ तिन्ही वेळा एका झटक्यात आला.

मी आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्या मशीनजवळ बसते. तंत्रज्ञ जेवणाच्या सुट्टीत येऊन चौकटींत अक्षर कसं बसवायचं ते शिकतो. त्याचा ळ सध्या बेडकाच्या पायरीवर आहे. गेल्या शुक्रवारी दुपारी साहेब आले. पाटी वाचली, खुर्ची ओढली आणि सरळ आपल्या मनोगताच्या पानावर गेले. यंत्र खोदत होतं. त्यांनी बराच वेळ ते बघितलं. मग आजूबाजूला कोणी नाही हे पाहून हळू आवाजात म्हणाले, "बाई, एवढं एक पान काढून टाका. येणारे-जाणारे हसतात."

खरं सांगते, मला त्यांची दयाही आली. पण पान जसंच्या तसं ठेवायचं ही अट माझीच होती, आणि ती मी एकदा बोलले होते. मी खणातून कोरे कागद आणि पेन काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"यंत्र काढायचा एकच मार्ग आहे, साहेब, तेव्हाही तोच होता," मी म्हटलं. "मजकूर द्या. मी बसलेय, आत्ता टाइप करते. ळ कितीही असले तरी चालतील."